शनिवारपर्यंत पेटीत

कांजूरमार्ग
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

दर्शना,

जय भीम. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे पोस्टाने. कांजूरमार्गहून मुलुंडला पत्र पाठवणारा माणूस अख्ख्या मुंबईत मी एकटाच असेन. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता म्हणतात, अहो, चालत जाऊन देऊन या की.

काल सकाळी विकीचा फोन आला. तुझा भाऊ माझ्याशी एका वाक्याच्या वर बोलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणाला, ताई पुढच्या रविवारी तेजलला घेऊन येणार आहे, घरी असा. फोन ठेवला. मी तसाच फोन कानाला लावून उभा होतो. वर्ष होऊन गेलं तिला बघून. नववीत गेली ना आता? उंच झाली असेल. शेवटचं तिने मला बघितलं ते बाथरूमच्या फरशीवर, शेजाऱ्यांनी दार तोडल्यावर. त्या बघण्याच्या पुढे तिला काय दाखवायचं, ते मला ठरवता येत नाही.

मी काय करतोय ते विकीने सांगितलं असेल-नसेल, म्हणून लिहितो. दर शनिवारी चारकोपला जातो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचा एक बंद पडलेला गाळा आहे, तिथे आम्ही जमतो. सगळे माजी सैनिक आणि सगळे एकाच वाटेने गेलेले. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. आधी दुखण्यासाठी गोळ्या, मग गोळ्यांसाठी दुखणं. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, औषधाचं तेच बघतात. बाकीचे दिवस आम्हीच एकमेकांना धरून. पलटणीत प्रत्येक जवानाला एक बडी असतो, तो खाईल तिथे खायचं, तो पडला तर उचलायचं. तशाच जोड्या इथे लावल्यात. चंद्रप्रकाश साहेब सगळं चालवतात, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणतात, ज्याने स्वतः खाल्लीय त्यालाच दुसऱ्याचं खोटं ओळखता येतं.

दिवाळीच्या आधी साहेबांनी मला एक पोरगा सांभाळायला दिला. पोरगा म्हणजे पस्तिशीचा. सर्वेश, गाव मालवणकडे, वाढला चारकोपलाच. बर्फात पायाची बोटं गेली त्याची. मला दादा म्हणतो आणि माझं काही ऐकत नाही. काल दुपारी त्याचा फोन आला होता, जरा गडबडला होता. मी जाऊन आलो. मिटलं ते.

तू येणार म्हणून साफसफाई काढलीय. माझ्या काळ्या पेटीला नवं कुलूप आणलं. जुनं गंजलं होतं.

अंबादास


कांजूरमार्ग
बुधवार, १२ नोव्हेंबर

दर्शना,

पहिलं पत्र अजून पोचलंही नसेल. तरी लिहितोय. लिहीत बसलं की हात कामात राहतात.

सध्या डबल ड्यूटी करतोय. अंधेरीला ज्या वसाहतीच्या गेटवर मी असतो तिथला एक जण आजारी आहे. शीतल मॅडम, आमच्या सुपरवायझर, म्हणाल्या, काका, तुमच्या पाठीला झेपेल का? म्हटलं झेपेल. गेटवर बरं असतं. गाड्या येतात, जातात, डिकी उघडून बघायची, पास बघायचा. कुणाच्या तरी नजरेसमोर राहतो माणूस.

घरी आलं की बरं नसतं. संध्याकाळी वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, खिडकी लावावी लागते. खिडकी लावली की घर एवढंसं होतं आणि त्यात मी आणि ती पेटी. पेटीवर मी चादर टाकलीय. परवा ती पलंगाखाली सरकवली, मग वाटलं पलंगाखाली तर आणखी जवळ आली, म्हणून ओढून दाराशी ठेवली. ओढताना पाठीत कळ गेली. ती कळ आज दिवसभर आहे. ही कळ मला ओळखते, दर्शना. कधी यायचं ते तिला बरोबर कळतं.

हे काय लिहितोय मी. तू म्हणशील, पेटीत आहे काय? जुने कपडे, पट्टा, मेडल, तुझे ते हिमाचलहून आणलेले दोन स्वेटर.

सर्वेश रोज फोन करतो. पूर्वी मी करायचो त्याला, आता तोच करतो. काल विचारलं, दादा, ते दिलंस का? म्हटलं शनिवारी देणार. तो म्हणाला, "मी तुला बोलवायला नको होतं यार." मी म्हटलं, गप ए, तुझं तू बघ.

तेजलला अजून वांगं आवडत नाही का? तू सांगणार नाहीस, मला माहीत आहे. मी बटाटा करीन.

अंबादास


अंधेरी, गेटवर
गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपार

दर्शना,

पेटीचं कुलूप गंजलं नव्हतं. गेटवरचा माणूसही आजारी नाही. डबल ड्यूटी मी मागून घेतली, कारण घरी जायची मला भीती वाटते.

रविवारी सर्वेशचा फोन आला तेव्हा तो रडत होता. म्हणाला, "दादा, पाकीट घेतलंय. अजून फोडलं नाय. तू ये आणि घेऊन जा, नायतर मी घेतो." आमच्या गटाचा नियम आहे, असं काही आणायला एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं आणि त्याच घरात, त्याच वेळी, गोळ्या पाण्यात विरघळवून चहाच्या चोथ्यात कालवायच्या आणि कचऱ्यात टाकायच्या. माझ्यासोबत आमच्या गटातला खंडू यायचा, पण तो त्या दिवशी ड्यूटीवर अडकला होता आणि सर्वेशचा आवाज थांबण्यासारखा नव्हता. मी एकटा गेलो. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, परत तसा फोन आला तर परत जाईन. पुढचं मात्र मी जे केलं ते फक्त फौजीच करू जाणे.

पाकीट हातात आलं आणि माझ्यातला हवालदार जागा झाला. तुला माहीत आहे, माझी निम्मी नोकरी कोतावर गेली. पलटणीची सगळी हत्यारं जिथे कुलुपात असतात तो कोत. तिथे ताब्यात आलेली वस्तू कधी फेकायची नसते. रिकामं काडतूससुद्धा परत जमा होतं, आणि एक जरी कमी भरलं तरी सगळी कंपनी उन्हात गवत चाळत बसते. वस्तू नष्ट करायचा हुकूम साहेब देतो, हवालदाराने फक्त सांभाळायची. चंद्रप्रकाश साहेब गावी गेलेत, शनिवारी येणार. म्हणजे शनिवारपर्यंत माल माझ्या ताब्यात, शनिवारी जमा. हे सगळं मला इतकं सरळ वाटलं, की मी सर्वेशला 'मिळाले' अशी चिठ्ठी लिहून दिली, खाली सही करून. तोही फौजीच. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. दोघांपैकी एकालाही त्यात काही वेडेपणा दिसला नाही.

बसस्टॉपवर आलो तेव्हा कळलं की माझ्या खिशात काय आहे. मांजराला दुधाची राखण.

तू म्हणशील, मग फेकून दे. मीही रोज म्हणतो. पण फेकायला पेटी उघडावी लागते.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगतो, म्हणजे भीती कसली ते कळेल. गोळ्यांची सवय सुटावी म्हणून जिभेखाली ठेवायचं औषध डॉक्टरांनी पावसाळ्याच्या आधीच बंद केलं. आता माझ्या अंगात काही नाही. हे चांगलंच आहे. पण डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून बजावलंय, की अंगाची सवय मोडलेली असते आणि मनाची नाही. मन जुन्या हिशेबानेच घेतं, आणि श्वास बंद पडतो. आमच्या गटातला एक जण तसाच गेला. घरचे बाहेर टीव्ही बघत होते.

माझी पाचावर धारण बसलीय, दर्शना. सीमेवर मला कधी इतकी भीती वाटली नाही, कारण तिथे दुश्मन पलीकडे असायचा. इथे किल्ली माझ्याच गळ्यात आहे.

साहेबांना फोन करायला चार दिवस धीर झाला नाही. केला तर ते म्हणणार, घरी पाकीट ठेवणाऱ्याच्या घरी पोरगी कशी येईल? आणि तू रविवारी येणार आहेस.

हे पत्र टाकीन की नाही, सांगता येत नाही.

अंबादास


कांजूरमार्ग
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दर्शना,

कालचं पत्र टाकलं नाही. ते याच्यासोबत आहे, आधी ते वाच. पोस्टाने हे रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून संध्याकाळी मी स्वतः येऊन तुमच्या बिल्डिंगच्या पत्रपेटीत टाकून जाईन. वर येणार नाही. विकीला सांग, त्याने घाबरू नये.

काल शीतल मॅडमनी मला दुसरी ड्यूटी दिली नाही. म्हणाल्या, काका, तुम्ही उभ्या उभ्या झुकताय, घरी जा. हुकूम म्हटल्यावर आलो. चहा केला, प्यायलो नाही. पाठ अशी दुखत होती की खाली वाकता येईना, पण पेटी उघडायला मात्र वाकलो. त्या वेळी दुखलं नाही, हे लिहून ठेवतो.

एक गोळी फोडून तोंडात टाकली.

गिळली नाही. थुंकली, मोरीत, आणि चूळ भरली. तू विश्वास ठेवशील का? मी तुझ्या जागी असतो तर ठेवला नसता. पण झालं ते असंच झालं. का थुंकली तेही मला नीट सांगता येत नाही. तुझा चेहरा आठवला, तेजलचा आठवला, असलं काही लिहिलं तर ते खोटं होईल. कुणीच आठवलं नाही. कडू लागली आणि मी घाबरलो, एवढंच.

मग फोन उचलला. पाकीट माझ्याकडे आहे हे जगात आणखी एकालाच माहीत होतं, म्हणून त्यालाच लावला. ज्याच्या तोंडचा घास मी काढून आणला त्यालाच. लावताना कळत होतं की हे बरोबर नाही, तो अजून स्वतःच काठावर उभा आहे. पण दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून सांगत बसायची ताकद नव्हती.

सर्वेशने काही विचारलं नाही. म्हणाला, "घरात आहेस ना? मग आधी बाहेर ये. दार उघडं टाक आणि माणसात बस. मी निघालो. फोन कट करायचा नाय."

गॅलरीत रत्नप्रभा मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारच्या. तू गेल्यावर मला अधूनमधून भाकरी देतात त्याच. मी त्यांच्या समोर खाली बसलो. एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत पाकीट. चारकोपहून कांजूरपर्यंत सर्वेश बोलत होता. आधी रिक्षा, मग मेट्रो, मग परत रिक्षा. काय बोलत होता देव जाणे, त्याच्या आईने केलेलं बांगड्याचं तिखलं, त्याच्या सोसायटीतलं पाण्याचं भांडण. मी फक्त हं हं करायचं. हं आलं नाही की तो ओरडायचा.

मावशींनी मुठीकडे बघून विचारलं, "काय आहे रे हातात?" मी म्हटलं, पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या आहेत.

"मग घे की," त्या म्हणाल्या. "पाठ दुखते ना तुझी? पाणी देऊ?"

उठल्याही, पाणी आणायला. दर्शना, इतक्या मायेने मला कुणी कधी मारायला निघालं नव्हतं. मी फोन कानाखांद्यात दाबला आणि त्यांचा पदर धरला. हसू नकोस, खरंच धरला, लहान पोरासारखा. म्हटलं, मावशी, पाणी नको, इथेच बसा, मला सोडून आत जाऊ नका. त्या बसल्या. काय कळलं त्यांना माहीत नाही, पण मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, निवड. मी एका हाताने मेथी निवडली. नीट नाही निवडली, काड्या राहिल्या.

सर्वेश आला तेव्हा दिवे लागले होते. काठी टेकत चार मजले चढून आला, लिफ्ट बंद आहे आमची. मी पाकीट पुढे केलं तर दोन पावलं मागे सरला. "मला देऊ नको. तूच धर." म्हणाला, आणि मान फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. माझा हात चालेना, त्याचा चालणार नव्हता. दोन फौजी आणि एक पाकीट, आणि फोडायची हिंमत कुणात नाही. शेवटी मावशींनीच घेतलं माझ्या हातातून. शेंगा सोलाव्यात तशा एकेक गोळ्या काढून त्यांनी प्लास्टिकच्या मगात टाकल्या, वरून पाणी, मग त्यांच्याच गाळणीतला चोथा, मग मेथीच्या काड्या. तोंडाने चालूच, चांगल्या गोळ्या वाया घालवता रे बाबांनो.

मध्येच थांबल्या. "एक घर रिकामं आहे रे यात."

सर्वेशने भिंतीकडून मान वळवली. मी सांगितलं, तोंडात टाकली होती, थुंकली. तो माझ्याकडे बघत राहिला. खोटं ओळखता येतं म्हणतात ना, तसंच बघत होता. मग एवढंच विचारलं, "किती वेळ ठेवलीस?" मी म्हटलं, कडू लागेपर्यंत. त्याने मान हलवली. खरं मानलं की नाही, त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग त्यानेच साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला. साहेबांनी शिव्या दिल्या, त्या लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "अंबादास, वो कोत नहीं है, तेरा घर है." आजपासून सर्वेश माझ्याकडे नाही. मीच खंडूकडे. खंडू रात्रीपासून इथे आहे, आत्ता झोपलाय आणि घोरतोय, आणि त्या घोरण्याने मला बरं वाटतंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मला चार वेळा थांबावं लागलं हे वाक्य लिहायला. रविवारी तेजलला आणू नकोस.

मी तिला बघायला तडफडतोय, तरी लिहितो. काल मी ज्या मोरीत थुंकलो तिथेच ती हात धुवायला जाईल. घरात आता काही नाही. पण बापाच्या अंगातली भीती अजून गेलेली नाही, आणि ती पोरगी हुशार आहे, तिला वास येईल. तिच्यापुढे पुन्हा पडलो, तर त्यानंतर मला उठता यायचं नाही.

हे वाचून तू कधीच यायचं नाही असं ठरवलंस तरी मी समजेन. समजेन म्हणजे काय, सहन करीन. कसं ते माहीत नाही.

अंबादास


मुलुंड
शनिवार, १५ नोव्हेंबर

जय भीम.

चारही पत्रं वाचली. कालची दोन रात्रीच विकीने वर आणून दिली. हे त्याच्याच हाती पाठवते आहे. तो चिडलाय, पण देईल.

तुम्ही गोळी थुंकली की गिळली हे मला कळणार नाही. कधीच कळणार नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळवलं आणि मग सोडून दिलं.

माझं ऐका. लग्नानंतर मी किती जागा शोधल्या आहेत तुमच्या घरात, तुम्हाला कल्पना नाही. तांदळाच्या डब्यात, बुटात, टाकीच्या झाकणाखाली, एकदा तेजलच्या दप्तरात. दर वेळी आधी मला सापडायचं आणि मग तुम्ही सांगायचात, तेही निम्मं. या वेळी मला काही शोधावं लागलं नाही. काल रात्रीपासून मी याच एका गोष्टीवर बसून आहे. पुरेशी आहे की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

तेजलला आणणार नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, मला स्वतःला भीती वाटते म्हणून. तिला सांगितलंय की बाबांना बरं नाही. ती म्हणाली, कुठल्या प्रकारचं बरं नाही? मी म्हटलं, सांगीन. तिला वांगं अजूनही आवडत नाही.

मी उद्या एकटी येते. डबा घेऊन येते, तुम्ही स्वयंपाक करू नका. खंडूभाऊंना थांबायला सांगा, त्यांचंही जेवण आणीन. आल्यावर आधी मी सगळं घर बघणार आहे, डबे, बूट, गादी, ती पेटी, मोरीसुद्धा. राग मानू नका. तोवर तुम्ही मावशींजवळ बाहेर बसा.

काही सापडलं तर डबा तिथेच ठेवून एक शब्द न बोलता निघून जाईन. नाही सापडलं, तर तुमच्यासोबत जेवेन.

दर्शना